पातळ तेल

आमच्या घरातला हा माणूस बोलत नाही. आमच्या ह्यांचं सांगते आहे मी, बहिरूनानांचं. मुके नाहीत, दातही शाबूत आहेत, पण बोलायचंच नाही असं ठरवून बसलेत. भाजीत मीठ नसलं तरी गिळतील. दारात पाहुणा आला तर हात जोडतील आणि पुन्हा फुलं निवडायला बसतील. पाहुणा बिचारा चहा पिता पिता मला हळूच विचारतो, "नानांना बरं नाय का?" मी सांगते, "काय धाड भरली नाय त्यांना. तोंडाला कुलूप लावलंय आणि किल्ली विहिरीत टाकलीय." पाहुणा हसतो. मी हसत नाही. मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही, श्रावणापासून माझं असंच आहे. जीभ तेवढी चालते. ती पहिल्यापासूनच माझ्या हुकमात नाही.

श्रावणात आमचा थोरला, महेश, गेला. सकाळी शेवंतीला पाणी सोडून घरी आला आणि छातीत कळ येते म्हणाला. रूपालीनं, त्याच्या बायकोनं, त्याला गाडीत घातलं आणि मखमलाबादहून नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी आणि नाना मागे बसलो होतो. गाडी कुठं अडली नाही, कुठं चुकली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तरी गेला. वेळेत आणूनही माणूस जात असेल तर वेळ म्हणायची कशाला, ते मला कळलं नाही. मग मी त्याचा विचार सोडून दिला.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. बाया माझ्या गळ्यात पडून रडून गेल्या. माझी जाऊ भागीबाई म्हणाली, "बाई, रडा हो एकदा, मोकळ्या व्हा." मी म्हटलं, "तू रडतेस ना? मग घरातून एक बास झालं." ती रुसून गेली. मला त्याचंही काही वाटलं नाही.

मग सगळे आपापल्या घरी गेले. धाकटा रविराज पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहतो, ऑफिसात जातो, तो गेला. मळ्यात आम्ही तिघं उरलो. नाना, मी आणि रूपाली. मूलबाळ नाही तिला. देवळाली कॅम्पला एका दवाखान्यात ती रक्त तपासायच्या कामाला आहे. महेश होता तेव्हा फुलं तो न्यायचा. तो गेल्यावर तिनं एका सकाळी मागच्या सीटा पाडल्या, शेवंतीचे क्रेट रचले आणि मला म्हणाली, "आई, बसा पुढं." मी बसले. तेव्हापासून रविवार सोडून रोज असंच. झुंजुमुंजू असताना आम्ही निघतो, गणेशवाडीच्या फुलबाजारात ती मला क्रेटांसकट उतरवते आणि तिथून पुढं कामावर जाते. मी फुलं देऊन बसनं घरी येते. वाटेत आम्ही फार बोलत नाही. गाडीत शेवंतीचा वास असतो आणि काचेवर धुकं. मी पुढं बघत बसते. पोतं जसं बसतं तशी.

दिवाळी सरली आणि गाडीत स्टिअरिंगच्या चाकामागं एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र आहे म्हणे ते. मला ते कासव वाटलं.

"हे कासव कधीपासून हाय?" मी विचारलं.

"कालपासून. इंजिनाचा दिवा आहे, आई. दाखवते शामभाऊंना."

शामसुंदर म्हणजे महेशचा शाळेतला सोबती. पेठ रोडला त्याचं गॅरेज आहे. त्यानं गाडीच्या पोटात एक डबी खुपसली आणि फोनवर त्या गाडीनं काय तक्रार केली ते वाचलं. पी आणि पुढं काही आकडे. रूपालीनं घरी येऊन सांगितलं की इंजिनातल्या झडपा उघडायची वेळ बिघडली आहे. महेश गेल्यापासून तेल बदललं नव्हतं, ते काळं पडलं आणि बारीक जाळी तुंबली. शामसुंदरनं तेल बदललं, जाळी धुतली, दिवा गेला. रूपालीनं हे सगळं जेवताना सांगितलं. नानांनी ऐकलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

काही दिवस कासव दिसलं नाही. मग थंडी पडली. आमच्याकडची थंडी म्हणजे पहाटे नळाला हात लावला तर हात आपला राहत नाही. त्या थंडीत गाडी सकाळी घरघरायला लागली, म्हाताऱ्याच्या छातीसारखी, आणि कासव पुन्हा आलं. रूपाली पुन्हा शामसुंदरकडे गेली. डबीनं तोच आकडा सांगितला. तो म्हणाला, तेल तर मीच घातलंय, तेलाचा प्रश्न नाही, ती विजेवर चालणारी छोटी झडपच गेली असणार. नवी बसवली. थंडी जरा ओसरली होती तेव्हा चार सकाळी बऱ्या गेल्या, मग पुन्हा तेच.

मग एकदा निमाणीच्या पुढच्या सिग्नलला गाडी बंदच पडली. हिरवा लागला तरी गाडी हलेना. मागून सगळ्यांनी हॉर्न धरला. एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "ओ मॅडम, गाडी चालवता येते का?" मी काच खाली केली आणि म्हटलं, "तिला येते. तुला बोलता येतं का ते आधी शिक." त्यानं मान आत घेतली. रूपाली किल्ली फिरवत होती. किल्ली दोनदा तिच्या बोटांतून सुटली. मला ते दिसलं, पण तिचा हात धरावा असं काही सुचलं नाही. माझे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. गाडी सुरू झाली आणि आम्ही गेलो.

हे तिनं आपल्या आईला फोनवर सांगितलं असावं. कारण त्याच दिवशी कळवणहून विहीणबाईंचा, चिमणाबाईंचा, मला फोन आला.

"पोर अंधारात तसली गाडी घेऊन एकटी फिरते, बाई. उद्या हमरस्त्यावर बंद पडली म्हणजे?"

"एकटी कशी? मी असते ना शेजारी."

"तुम्ही काय ढकलणार का गाडी?"

"वेळ आली तर ढकलीन. तुमच्यापेक्षा बरी ढकलीन."

"ते राहू द्या. मी रविवारी येते. गाडी धड झाली तर ठीक, नाहीतर पोरीला घेऊन जाते. मनी पोर शे ती." रागावल्या की त्यांची अहिराणी निघते, माझी पोर आहे म्हणत होत्या.

मी फोन ठेवला. रूपाली दारात उभी होती, तिनं ऐकलं होतं. म्हणाली, "आई, गाडी नीट झाली तर मी कुठंच जात नाही. पण गाडी गेली तर दोन बसा बदलून मला कॅम्पला वेळेवर पोचता येणार नाही. नोकरी सुटली तर मग मी इथं काय म्हणून राहू?"

मी म्हटलं, "बघू."

तिनं राहावं असं मला वाटत होतं का? असं काही वाटायची सोय माझ्यात उरली नव्हती. पण पहाटे ओट्यावर तिच्या चपलांचा आवाज होतो. तो बंद झाला तर या घरात दोनच माणसं राहतील, एक न बोलणारं आणि एक न ऐकणारं. एवढं मला दिसत होतं.

रविराजला कळलं तेव्हा तो म्हणाला, "विकून टाका ती गाडी. वहिनीनं काळजी घेतली नाही. दादा होता तोवर कधी दिवा लागला होता का?" बघा, हा माझाच मुलगा. जीभ माझी घेतली, अक्कल कुठून आणली कोण जाणे.

रविवारी सकाळी रूपाली गाडी घेऊन निघाली तेव्हा मी बाजाराच्या दिवसासारखी पुढं जाऊन बसले. ती म्हणाली, "आई, आज फुलं नाहीत."

"ठाऊक हाय. तो शाम काय करतो ते बघायचंय मला. बाईमाणूस बघून एकेक सामान बदलत बसला असेल तर त्याला माझ्या तोंडून कळू दे."

नाना ओट्यावर बसून होते. आम्ही निघताना ते उठून गाडीजवळ आले, बॉनेटवरून हात फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग बाजूला झाले. गाडी जिथं उभी असते तिथं जमिनीवर तेलाचा एक काळा डाग होता आणि त्यावर त्यांनी डब्याचं पत्र्याचं झाकण ठेवलेलं होतं. मी बघितलं आणि विसरले. त्या दिवसांत मी सगळंच बघत होते आणि विसरत होते.

गॅरेजमध्ये शामसुंदरनं मला खुर्ची दिली. महेशसारखीच उंची, तसाच मानेवर केसांचा झुपका. मी दुसरीकडे बघितलं.

"आई, चहा?"

"चहा राहू दे. तिसऱ्यांदा आलीय गाडी तुझ्याकडं. रोग कळत नसंल तर तसं सांग, आम्ही दुसरा वैद्य बघतो."

तो हसला नाही. म्हणाला, "खरं सांगू, आई? मला झोप नाही या गाडीमुळं. महेशची गाडी आणि माझ्याच्यानं होत नाही." मग मला त्यानं जवळ बोलावलं आणि फोन दाखवला. फोनवर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल. "ही निळी म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाला सांगतो, झडपा इतक्या आधी उघड. लाल म्हणजे त्या खरंच किती आधी उघडल्या ते. दोन्ही जोडीनं चालायला पाहिजेत."

निळी रेघ वर जात होती, खाली येत होती. लाल रेघ जागच्या जागी पडून होती. मग कधीतरी उठायची, तोवर निळी कुठल्या कुठं गेलेली.

"सांगितलेलं ह्याला उशिरा कळतंय," मी म्हटलं.

"तेच. बरोब्बर तेच. सगळा दोष एवढाच आहे. पण का, ते कळत नाही. झडपांची वेळ पुढं-मागं करायचं काम तेल करतं. केसाएवढ्या बारीक वाटेनं तेल जातं आणि त्याच्या जोरावर झडपांचं चाक फिरतं. जाळी मी धुतली, झडप नवी घातली. आता राहिली आतली साखळी. ती सैल पडली असेल तर इंजिन उघडावं लागेल."

रूपाली भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "इंजिन उघडायचं म्हणजे किती दिवस?"

"सांगता नाही येणार, वहिनी. आणि उघडल्यावर पहिल्यासारखं होईलच, अशी मी खात्री देत नाही."

तिनं फोन काढून बघितला. चिमणाबाई कळवणहून निघाल्या होत्या.

माझ्या डोक्यात मात्र ठिबक आलं. मागं एकदा आमच्या शेवंतीच्या तीन ओळी वाळायला लागल्या. मोटर चांगली, नळ्या नव्या, पाणी भरपूर. महेशनं सगळं तपासलं. शेवटी निघालं काय, तर नानांनी शेण-गोमूत्राचं जीवामृत न गाळता टाकीत सोडलं होतं. झाडाला चांगलं म्हणून. ते घट्ट पाणी नळीच्या बारीक भोकांतून जाईना.

"अरे शाम," मी म्हटलं, "बारीक भोकातून घट्ट काही जात नाय. तेल कसलं हाय त्यात?"

"मी घातलेलं आहे, आई. त्याला कशाला बघायचं? एकदम पातळ, याच गाडीचं."

"घातलंस तेव्हा पातळ होतं. आता?"

त्यानं हातातला फोन बाकावर ठेवला. मग म्हणाला, "इंजिन उघडायचं तर तेल काढायचंच आहे." त्यानं गाडी वर घेतली, खाली परात सरकवली आणि तळाचा बोल्ट सोडवला. बोल्टाभोवती ओल होती, धूळ चिकटून काळं झालं होतं. बोल्ट निघाला आणि तेल आलं. आलं म्हणजे धार नाही, काकवी ओतावी तसं. जाड, सावकाश, दोरासारखं.

शामसुंदर खाली बसला. दोन बोटांत तेल घेऊन चोळलं, वास घेतला.

"हे माझं तेल नाही," तो म्हणाला. "वहिनी, हे ट्रॅक्टरचं तेल आहे."

तो बोल्ट हातात फिरवत होता. "आणि हे बघा. तांब्याचा वायसर घातला होता मी. इथं कुणी ट्यूब कापून वायसर लावलाय. म्हणून गळतंय." त्यानं तो वायसर बोल्टवरून काढला आणि बाकावर टाकला. "कुणी केलं हे? दुसऱ्या गॅरेजला दाखवली होती का?"

काळ्या रबराचा तो गोल. कडेला कात्रीचे दात, मधलं भोक खिळा तापवून पाडलेलं, एका बाजूनं किंचित वितळलेलं. मला तो कुणाचा ते सांगायला कुणाची गरज नव्हती. आमच्या घरात मोरीच्या नळाला तोच आहे. फवारणीच्या पंपाला तोच आहे, ठिबकच्या टाकीला तोच. मी चाळीस वर्षं असले वायसर बघते आहे. विकतचा वायसर या माणसानं उभ्या आयुष्यात आणला नाही.

माझं तोंड उघडलं नाही. घरातलं गॅरेजमध्ये मांडायची माझी रीत नाही. आणि खरं सांगायचं तर, तेव्हाही मला काही वाटलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. फक्त कान थंड पडले.

रूपाली पुढं आली. बाकावरचा वायसर तिनं उचलला, बघितला, आणि पर्समध्ये टाकला.

"हो, शामभाऊ," ती म्हणाली. "मीच नेली होती दुसरीकडे. कॅम्पजवळ एक जण आहे. त्यानं तेल बदललं."

"मला सांगायचं तरी, वहिनी!" शामसुंदरचा चेहरा उतरला. "मी इथं साखळीपर्यंत पोचलो होतो. आणि ट्रॅक्टरचं तेल? असल्या गाडवाकडं नेलीत कशाला?"

"चूक झाली."

एवढंच म्हणाली. मान खाली घालून नव्हे, सरळ बघून. खोटं बोलायची तिला सवय नाही, तरी शब्द अडला नाही.

शामसुंदरनं इंजिन आतून धुतलं, जाळी काढली. जाळीत घट्ट गाळ होता. पातळ तेल घातलं, पिवळं, करडईच्या तेलासारखं. तांब्याचा वायसर लावला. डबीवरून ती तक्रार पुसली आणि गाडी बराच वेळ तशीच सुरू ठेवली. मग फोन माझ्यापुढं धरला. निळी रेघ वर गेली, लाल तिच्यामागं गेली. निळी खाली आली, लाल आली. दोन्ही जोडीनं.

"साखळी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "उद्या पहाटे थंडीत सुरू करून बघा. पण मला तर आता शंका नाही. फक्त पुन्हा कुणाला तेल बदलू देऊ नका."

"नाय देणार," मी म्हटलं. "आता मला त्या गाडवाचं घर माहीत झालंय."

परतताना गाडी आवाज करत नव्हती. मखमलाबादचा नाका आला. मग म्हटलं, "पर्समध्ये काय हाय?"

"काही नाही."

"रूपाली."

तिनं गाडी कडेला घेतली. "आई, मला नव्हतं माहीत. आज तो वायसर बघितला तेव्हा कळलं. रविवारी गाडी घरी असते ना, तेव्हा नानांनी कधीतरी केलं असेल. माझ्यासाठीच केलं असेल. शामभाऊंसमोर मी कसं सांगू? उद्या रविभाऊजी त्यांना चारचौघांत बोलतील. दुसरं काही करत नाहीत नाना आता. एवढंच करतात."

"आणि बोल तुला लागला तर?"

"मला काय, सवय झाली."

कशाची सवय, ते मी विचारलं नाही. तिनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

घरी पोचलो तर ओटा भरलेला. चिमणाबाई खुर्चीत, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. रविराज उभा. नाना खांबाशी बसून शेवंतीची फुलं निवडत होते, चांगली टोपलीत, मळकी बाजूला. गाडी आली तसं त्यांनी मान वर करून आवाज ऐकला. बाकी कुणाकडं बघितलं नाही.

"काय झालं?" रविराजनं विचारलं.

"झाली नीट," रूपाली म्हणाली. "तेल चुकीचं होतं."

"चुकीचं म्हणजे?"

"ट्रॅक्टरचं. मी दुसऱ्या गॅरेजला नेली होती, त्यानं घातलं."

रविराजनं कपाळावर हात मारला. "घ्या! मी काय म्हणत होतो? दादाची गाडी, आणि हिनं कुठल्या टपरीवर नेऊन तिच्यात ट्रॅक्टरचं तेल ओतलं! लहान पोरालासुद्धा कळतं वहिनी, गाडी म्हणजे काय टेम्पो आहे का? गाडी विका. उद्या ब्रेकमध्ये पाणी घालशील."

"माझ्या पोरीला बोलायचं नाय," चिमणाबाई उठल्या. "चल गं. सामान भर. ज्या घरात तेलावरून पाणउतारा होतो तिथं राहायचं नाय. विहीणबाई, तुम्ही तरी काही बोला. का तुम्हालाही नानांचा रोग लागला?"

मी नानांकडं बघत होते. त्यांचे हात थांबले होते. बोटांत एक फूल होतं, ते ना टोपलीत गेलं ना बाजूला. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, सगळं समजलं होतं. रूपाली त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती, म्हणजे त्यांना तेही समजलं असणार. मी थांबले. आता बोलतील, आता बोलतील. चिमणाबाई घरात शिरायला लागल्या. रूपाली त्यांच्यामागं वळली. तेव्हा नानांनी ते फूल टोपलीत टाकलं आणि दुसरं उचललं.

तिथं माझ्यात काहीतरी हललं. रडू नाही, रागही म्हणता यायचा नाही. सांगितलेलं उशिरा पोचावं तसं काही.

"रूपाली, थांब," मी म्हटलं. "पर्स इकडं आण."

"आई, नको."

"आण म्हणते ना."

तिच्या पर्समधून मी तो वायसर काढला आणि नानांच्या टोपलीत, शेवंतीवर ठेवला. पिवळ्या फुलांवर तो काळा गोल. रविराजनं वाकून बघितला. मग मोरीच्या नळाकडं बघितलं. मग त्याचं तोंड मिटलं. बरं झालं, एवढी तरी अक्कल होती.

नानांनी वायसर उचलून तळहातावर घेतला. खूप वेळानं त्यांचा आवाज आला, गंजलेला.

"तेल पातळ होतं," ते म्हणाले. "पाण्यागत. रॉकेलागत. एकटी बाई बघून फसवलं तिला, असं वाटलं. म्हणून काढून टाकलं. घरच्या ट्रॅक्टरचं चांगलं घातलं." मग वायसर मुठीत धरून म्हणाले, "मीच घातलं. महेशला त्या गाडीनं नेलं. वाटेत कुठं थांबली नाय ती."

आणि पुन्हा गप्प. चिमणाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. रूपालीनं भिंतीकडं तोंड केलं होतं, तिचे खांदे हलत होते. श्रावणापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. बघितलं असेल तर लक्षात राहिलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर बसले. पायांत कळ आली, तरी बसले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं:

"अहो, ऐका. तुम्ही वाईट केलं नाय, पण चुकलात. एकदा नाय, दोनदा. घट्ट ते चांगलं असं समजून तुम्ही ठिबक तुंबवलंत, गाडी तुंबवलीत आणि स्वतःलाही तुंबवून घेतलंत. ते मी सोडून देते. पण आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत तिनं तुमचं नाव झाकलं, तिच्या आईसमोर शिव्या खाल्ल्या, आणि तुम्ही फुलं निवडत बसलात. ते मी सोडणार नाय. गाडी थांबली नाय म्हणून तिचं एवढं करता, तिच्या पाठीवरून हात फिरवता. मग त्या दिवशी ती गाडी चालवत कोण होतं? आपलं माणूस शेजारी तळमळत असताना ज्या पोरीनं चाक सोडलं नाय, तिला तुम्ही आजवर एकदा तरी विचारलंत, बाई, तू जेवलीस का? गाडी तिची. विकायची की ठेवायची, जायचं की राहायचं, ते ती ठरवील. तुम्ही नाय, रवी नाय, विहीणबाई नाय आणि मीही नाय. पण तिनं ठरवायच्या आधी तुम्ही उठा, आणि माझं चुकलं असं तिला तुमच्या तोंडानं सांगा. तुमच्या वतीनं मी सांगणार नाय. या घरात बोलायचं काम आजवर मी एकटीनं केलं, इथून पुढं करणार नाय."